कौलांवर पाऊस, लॅपटॉपमध्ये गिटार : अ‍ॅम्प सिम्युलेटरमधून चांगला टोन काढताना

गेल्या पावसाळ्यात शेजारचा मुलगा गिटार आणि लॅपटॉप घेऊन आमच्या ओटीवर येऊन बसला. अकरावीतला पोरगा, हात चांगला, घरी रेकॉर्डिंग करायची नवी हौस. त्याने एक रिफ (पुन्हा पुन्हा येणारा छोटा तुकडा) वाजवून ऐकवली आणि अगदी काकुळतीने विचारलं, "दादा, ह्यो आवाज डब्यात गांधीलमाशी कोंडल्यासारखो कित्याक येता?"

आवाज खरंच तसा होता. त्याने चार-पाच अ‍ॅम्प सिम्युलेटर, म्हणजे गिटारच्या खऱ्या अ‍ॅम्पची नक्कल करणारी सॉफ्टवेअरं, उतरवून घेतले होते आणि शेकडो प्रिसेट (तयार टोन) फिरवून पाहिले होते. गिटार मात्र थेट लॅपटॉपच्या माइकच्या भोकात खोचली होती, सॉफ्टवेअरमधलं कॅबिनेट (स्पीकरची पेटी) बंद होतं आणि तारा दिवाळीपासून बदललेल्या नव्हत्या. या तीन गोष्टी सुधारल्या, अ‍ॅम्प तोच ठेवला, आणि तासाभरात आवाजाला अंग आलं.

त्या दिवशी जे केलं तेच इथे क्रमाने लिहितो आहे. टोनची वाट तारेपासून निघते आणि कानापाशी संपते. अ‍ॅम्पचं चित्र या वाटेवर बरंच पुढे येतं. आधीचा रस्ता खचलेला असेल, तर पुढे अ‍ॅम्प बदलत बसून काही हाती लागत नाही. म्हणून नवीन माणसाने पहिला आठवडा तरी एकच अ‍ॅम्प धरावा आणि बाकीचं नीट करावं.

कोकणात हे सॉफ्टवेअर ही तडजोड आहे असं मला वाटत नाही. रत्नागिरीसारख्या ठिकाणी वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. कौलं असोत की पत्रा, खाली खऱ्या अ‍ॅम्पसमोर माइक लावला तर गिटारपेक्षा पागोळ्याच जास्त रेकॉर्ड होतात. शिवाय व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प खुलायला मोठा आवाज लागतो आणि आमच्या वाडीत घराला घर लागून आहे. सॉफ्टवेअरच्या वाटेने फक्त पिकअपमधून, म्हणजे तारांची कंपनं टिपणाऱ्या भागातून, येणारी वीज रेकॉर्ड होते. पाऊस, बेडूक, शेजारचा टीव्ही, काहीच तिला ऐकू येत नाही.

आधी गिटार

खाऱ्या वाऱ्याने तार मरते. किनाऱ्यालगत राहणाऱ्याला हे सांगायला नको, पण मेलेली तार सॉफ्टवेअरमध्ये कशी ऐकू येते हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. गंजलेल्या तारेचा वरचा चमकदार भाग जातो. मग आपण ट्रेबल वाढवतो, आणि ट्रेबलबरोबर नुसती किरकिर वाढते, चमक परत येत नाही. रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी नव्या तारा लावा, हाताने हलक्या ताणून घ्या, रात्रभर बसू द्या. वाजवून झालं की जुन्या धुतलेल्या पंचाने प्रत्येक तार वरून-खालून पुसा. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या अधूनमधून बदला.

दमट हवेत मानेचं लाकूड हलतं. मे महिन्यात बरोबर असलेली गिटार जुलैत तशीच राहील याची खात्री नाही. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक आणि त्याच फ्रेटवर दाबून वाजवलेला सूर ट्यूनरवर ताडून पाहा. दोन्ही जुळत नसतील तर ब्रिजवरचं इंटोनेशन लावावं लागेल. स्वतः जमत नसेल तर जाणकाराकडून करून घ्या, पण बेसूर गिटारवर टोन शोधत बसू नका. डिस्टॉर्शनमध्ये (मुद्दाम फाडलेल्या आवाजात) थोडासा बेसूरपणाही चिखलासारखा ऐकू येतो, कारण तिथे दोन सुरांच्या मिश्रणातून तिसरेच सूर तयार होतात.

इंटरफेस आणि पहिली पातळी

लॅपटॉपचा माइक-सॉकेट गिटारसाठी बनलेला नाही. साध्या पिकअपला पुढे उच्च इम्पिडन्सचं (विद्युत अडथळ्याचं) इनपुट लागतं, साधारण १ मेगओहमचं. माइकच्या इनपुटचा इम्पिडन्स त्यापुढे फारच कमी असतो. तिथे पिकअपवर ताण येतो, वरचे सूर दबतात आणि आवाज घोंगडीखाली गेल्यासारखा होतो. म्हणून ऑडिओ इंटरफेस घ्या, म्हणजे गिटार आणि लॅपटॉप यांच्यामध्ये बसणारी पेटी. महागडा नको, दोन इनपुटचा छोटा चालतो, फक्त त्यावर 'इन्स्ट' किंवा 'हाय-झी' लिहिलेलं बटण असलं पाहिजे. आणि ते दाबलेलं असलं पाहिजे! अर्धे लोक इथेच अडकतात.

आता गेनचं बटण, म्हणजे येणारा सिग्नल किती वाढवायचा ते. या एका बटणाचा परिणाम मी जेवढा पाहिला आहे, तेवढा दुसऱ्या कशाचाच नाही, म्हणून इथे थोडं थांबतो.

खऱ्या अ‍ॅम्पला गिटार थेट जोडली जाते, मध्ये आवाज वाढवणारं काही नसतं. सॉफ्टवेअरमधला अ‍ॅम्प त्याच अपेक्षेने बनवलेला असतो. तुम्ही इंटरफेसवर गेन चढवला की तो अ‍ॅम्प प्रत्यक्षात असणार नाही इतक्या जोरकस पिकअपला तोंड देत बसतो. क्लीन (स्वच्छ) चॅनल फाटतो, क्रंच (थोडा फाटका आवाज) चिखल होतो, आणि दोष अ‍ॅम्पवर येतो. उलट सिग्नल फारच बारीक असेल तर हाय-गेन अ‍ॅम्पही बोथट, जीव नसलेला वाटतो.

सुरुवातीला गेन अगदी खाली ठेवा. ब्रिजच्या पिकअपवर, व्हॉल्यूम पूर्ण उघडून, सगळ्यात जोरात जेवढं वाजवाल तेवढ्या जोरात कॉर्ड मारा आणि सॉफ्टवेअरच्या मीटरकडे बघा. शिखर −१२ डेसिबलच्या आसपास आलं तर बरोबर. −६ च्या वर जायला लागलं तर जास्त झालं. फारच खाली, −२५ वगैरे राहिलं, तर थोडं चढवा. शून्याला कधीच लागू देऊ नका. डिजिटलमध्ये तिथे सूर कापला जातो आणि तो परत जोडता येत नाही. तुमच्या सिम्युलेटरच्या पुस्तिकेत इनपुट पातळीचा आकडा दिला असेल तर माझ्यापेक्षा त्या आकड्याचं ऐका. रेकॉर्डिंग २४ बिटमध्ये करा. तिथे खाली जागा भरपूर असते, त्यामुळे सिग्नल थोडा कमी राहिला तरी बिघडत नाही.

उशीर

तार छेडली आणि आवाज मागून आला तर वाजवता येत नाही. विंडोजवर इंटरफेस बनवणाऱ्यांचाच असिओ ड्रायव्हर (उशीर कमी करणारा) टाका. मॅकवर ही कटकट सहसा नसते. सॅम्पल रेट ४८,००० आणि बफर (आवाजाचे किती नमुने एकदम पुढे पाठवायचे तो आकडा) १२८ ठेवला तर एक बफर साधारण २.७ मिलिसेकंदांचा होतो. जाऊन-येऊन लागणारा वेळ दुपटीहून थोडा जास्त असतो, पण १० मिलिसेकंदांच्या आत राहिला की बोटांना खटकत नाही. आवाज हवेतून १० मिलिसेकंदांत साडेतीन मीटरच्या आसपास जातो. म्हणजे ओटीच्या एका टोकाला अ‍ॅम्प आणि दुसऱ्या टोकाला तुम्ही, एवढंच अंतर झालं. लॅपटॉप जुना असेल आणि टकटक आवाज येत असेल तर बफर २५६ करा.

ब्लूटूथचे हेडफोन यासाठी अजिबात वापरू नका. त्यांचा उशीर या सगळ्याच्या कितीतरी पट असतो. वायरचेच घ्या.

आणखी एक छोटी गोष्ट पुष्कळांना छळते. इंटरफेसवर 'डायरेक्ट मॉनिटर' नावाचं बटण असतं. ते चालू राहिलं तर कोरडी गिटार आणि सॉफ्टवेअरमधली गिटार दोन्ही एकदम ऐकू येतात, आणि टोन पोकळ, टणटणीत लागतो. ते बंद करा.

गुणगुण कुठून येते

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. तिची गुणगुण ५०, १००, १५० अशा पायऱ्यांनी येते. काही जण ती फिल्टर लावून कापतात, पण सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा सूर ९८ हर्ट्झचा आहे. १०० हर्ट्झ कापायला गेलात की गिटारचं पोटच कापलं जातं. म्हणून गुणगुण जिथून निघते तिथेच थांबवावी.

पहिली तपासणी सोपी: लॅपटॉपचा चार्जर काढा आणि बॅटरीवर चालवा. आवाज गेला तर दोष चार्जरच्या वाटेने येतो आहे, रेकॉर्डिंग बॅटरीवर करा. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर काम करत असाल तर आणखी जपा. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरची करकर पिकअपमध्ये स्पष्ट उतरते. तेव्हाही लॅपटॉप बॅटरीवर ठेवावा आणि इन्व्हर्टरपासून दूर बसावं.

मग अर्थिंग. हा मुद्दा आपल्या जांभ्याच्या जमिनीत फार खरा आहे. एप्रिल-मे मध्ये सडा (जांभ्याचा उघडा कातळ) तापून कोरडा पडतो, अर्थिंगच्या खड्ड्यातली ओल जाते आणि अर्थ नावापुरता उरतो. आमच्या घरी उन्हाळ्यात जी गुणगुण यायची ती पावसाळ्यात आपोआप कमी व्हायची. कारण कळायला मला दोन वर्षं लागली. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात नेमाने पाणी घाला. कोळसा आणि मीठ भरलेला जुना खड्डा असेल तर तो इलेक्ट्रिशियनकडून एकदा तपासून घ्या. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी होते, हे नॉर्मल आहे. पण तारांना हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर गिटार लगेच खाली ठेवा आणि आधी वायरिंग दाखवा. गुणगुण घालवण्यासाठी तीन पिनांमधली अर्थची पिन तोडणारे लोक मी पाहिले आहेत. तसं कधीही करू नका, जिवावर बेतू शकतं.

पंख्याचा डिमरसारखा गोल रेग्युलेटर अर्ध्यावर असला की करकरतो. तो पूर्ण वेगावर किंवा बंद ठेवून ऐका. बागेतला पंप सुरू असतानाही टेक घेऊ नका. तुमच्या गिटारला सिंगल कॉइल (एकाच गुंडाळीचे) पिकअप असतील तर खुर्चीत बसल्या बसल्या हळूहळू गोल फिरा. एका दिशेला गुणगुण जवळजवळ नाहीशी होते. त्या दिशेला तोंड करून बसा आणि जमिनीवर खडूने खूण करून ठेवा.

एवढं झाल्यावर जे उरेल ते नॉइज गेटने, म्हणजे थ्रेशोल्ड या ठरलेल्या पातळीखालचा आवाज बंद करणाऱ्या फाटकाने, आवरा. गेट अ‍ॅम्पच्या आधी ठेवा आणि थ्रेशोल्ड इतकाच चढवा की हात थांबला की शांतता व्हावी, पण लांबवलेल्या सुराची शेपटी तुटू नये.

वळवाच्या आणि परतीच्या पावसात गडगडू लागलं की प्लग भिंतीतूनच उपटून ठेवा. नुसतं बटण बंद करून भागत नाही.

कॅबिनेट : टोनचा खरा चेहरा

आता गांधीलमाशीचं उत्तर. गिटारचा १२ इंची स्पीकर हा घरातल्या म्युझिक सिस्टिमच्या स्पीकरसारखा नसतो. साधारण ५ किलोहर्ट्झच्या वर तो झपाट्याने आवाज गाळून टाकतो. डिस्टॉर्शन झालेल्या सिग्नलमध्ये वरच्या सुरांची प्रचंड किरकिर असते, आणि ती हा स्पीकर अडवतो. तो नसेल तर नुसती माशी उरते. म्हणून अ‍ॅम्पच्या मागे कॅबिनेट असलंच पाहिजे, आणि एकच असलं पाहिजे. अ‍ॅम्पमधलं कॅबिनेट चालू ठेवून पुढे आणखी एक आयआर लावला की आवाज दोनदा गाळला जातो आणि कपाटातून आल्यासारखा लागतो.

आयआर म्हणजे इम्पल्स रिस्पॉन्स. एखादा खरा स्पीकर, त्याच्यासमोरचा माइक आणि माइकची जागा या सगळ्यांचा ठसा असलेली एक छोटी वेव्ह फाइल. एकच अ‍ॅम्प ठेवून आयआर बदला, आणि गिटारच बदलल्यासारखी वाटेल. अ‍ॅम्पच्या चित्रांमागे जेवढा वेळ जातो त्याच्या निम्मा जरी इथे दिलात तरी पुष्कळ.

फाइलींच्या नावांत जे लिहिलेलं असतं त्याचा अर्थ कळला की निवड सोपी होते. 'एसएम५७' हा श्युअर कंपनीचा १९६५ पासूनचा माइक. गिटारच्या मधल्या सुरांना तो पुढे आणतो. रिबन माइकचं नाव असेल तर आवाज मऊ आणि गडद. 'व्ही३०' म्हणजे सेलेस्चनचा व्हिंटेज ३० स्पीकर, वरच्या मधल्या सुरांत धारदार. 'ग्रीनबॅक' त्यापेक्षा उबदार. माइक स्पीकरच्या शंकूच्या मध्याला असेल तर चमक जास्त, कडेला सरकवला की काळोख वाढतो. स्पीकरच्या अगदी जवळ असला तर खर्ज वाढतो.

निवडताना एक छोटा तुकडा वाजवून रेकॉर्ड करा, तो लूपवर लावा आणि हात गिटारवरून काढून ऐका. वाजवता वाजवता निवडलं तर बोटं आवाजाशी जुळवून घेतात आणि कान फसतो. चार-पाच आयआर पुरे. प्रत्येकाचा आवाज एकाच पातळीवर आणल्याशिवाय तुलना करू नका, कारण जो मोठा वाजतो तो आपल्याला नेहमी चांगला वाटतो. दोन आयआर एकत्र मिसळायची घाई नको. त्यांचे फेज (लहरींची वेळ) जुळले नाहीत तर मधले सूर खाल्ले जातात.

आता अ‍ॅम्प

सुरुवातीला फुकटात पुष्कळ मिळतं. न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर मोफत आणि मुक्तस्रोत आहे, आणि त्यासाठी लोकांनी बनवलेली मॉडेल्सही भरपूर सापडतात. मॉडेल नुसत्या अ‍ॅम्पचं आहे की कॅबिनेटसकट, हे आधी वाचा. मॅकवाल्यांना गॅरेजबँडमध्येच अ‍ॅम्प मिळतात. अ‍ॅम्प्लिट्यूब आणि गिटार रिग यांच्याही मोफत आवृत्त्या आहेत. रेकॉर्डिंगसाठी रीपर हे सॉफ्टवेअर ६० दिवस वापरून पाहता येतं.

स्वच्छ आवाज हवा असेल तर फेंडर घराण्यातला अ‍ॅम्प घ्या. किणकिणता, थोडा फाटता आवाज हवा तर व्हॉक्स एसी३०, रॉकचा क्रंच हवा तर मार्शल, आणि जड रिफसाठी मेसा बूगीचा रेक्टिफायर. सॉफ्टवेअरमध्ये नावं कायद्यासाठी बदललेली असतात, पण चित्र पाहून ओळखू येतात.

सगळी बटणं मधोमध ठेवली म्हणजे आवाज सपाट झाला असं समजू नका. या अ‍ॅम्पमधले बास, मिडल, ट्रेबल एकमेकांत गुंतलेले असतात आणि एक हलवलं की दुसऱ्याचा परिणाम बदलतो. फेंडरमध्ये मधले सूर मुळातच खाली असतात. आधी गेन लावा, मग मिडल, आणि बास सगळ्यात शेवटी. गेन तुम्हाला आवडेल तिथपर्यंत न्या आणि तिथून थोडा कमी करा. खोलीत एकट्याने वाजवताना जो गेन भरदार लागतो, तो गाण्यात गेल्यावर तार आणि पिक यांचा घाव झाकून टाकतो.

जड रिफ ढिली वाटत असेल तर गेन वाढवण्याऐवजी अ‍ॅम्पच्या आधी ट्यूब स्क्रीमर जातीचा पेडल ठेवा: ड्राइव्ह शून्याजवळ, लेव्हल चढवलेली. तो अ‍ॅम्पमध्ये जाणारा खर्ज कमी करतो आणि मधले सूर पुढे ढकलतो, त्यामुळे रिफ आवळली जाते. सॉफ्टवेअरमध्ये ओव्हरसॅम्पलिंगचं बटण असेल तर अंतिम मिक्स काढताना ते चढवा, हाय-गेनमधली विचित्र शिट्टी कमी होते.

रेकॉर्ड करताना आणि बसवताना

कोरडी गिटार रेकॉर्ड करा आणि सिम्युलेटर ट्रॅकवर प्लगइन म्हणून लावा. ऐकताना अ‍ॅम्प ऐकू येईल, पण फाइलमध्ये मूळ गिटार राहील. महिन्याभराने टोन नकोसा वाटला तर पुन्हा वाजवावं लागत नाही. रीपरमध्ये प्लगइन ट्रॅकच्या एफएक्समध्ये टाकलं की आपोआप असंच होतं. इनपुट एफएक्समध्ये टाकलं तर मात्र प्रक्रिया झालेला आवाज छापला जातो.

ऱ्हिदम गिटार दोनदा वाजवा, एक पूर्ण डावीकडे, एक पूर्ण उजवीकडे. एकच टेक कॉपी करून दोन्हीकडे ठेवला तर काहीच रुंदी येत नाही. रुंदी येते ती दोन वादनांतल्या बारीक फरकातून. दोन ट्रॅक असतील तेव्हा प्रत्येकाचा गेन आणखी थोडा उतरवा.

मग ८० ते १०० हर्ट्झच्या खालचं आणि ८ ते १० किलोहर्ट्झच्या वरचं हलक्या हाताने कापा. गाणं बाकी वाद्यांबरोबर वाजू द्या आणि तेव्हाच ठरवा. हे मी आमच्या भजन मंडळासाठी एक गजर रेकॉर्ड करताना शिकलो. पेटी आणि गिटार दोघांचाही जीव मधल्या सुरांत असतो. एकटी ऐकताना देखणी वाटणारी गिटार पेटीला झाकत होती, आणि पखवाजाच्या डाव्या बाजूचा घुमारा माझ्या गिटारच्या खर्जात बुडाला होता. गिटारचा बास बराच कमी केला, ४०० हर्ट्झच्या आसपास थोडं खाली आणलं, तेव्हा तिघांना आपापली जागा मिळाली. त्यानंतर नुसती गिटार ऐकली तर ती बारीक वाटत होती, आणि तशीच ती बरोबर होती.

रात्री घरचे झोपल्यावर हळू आवाजात मिक्स केलं तर बास कमी वाटतो आणि आपण तो वाढवत जातो. हळू आवाजात कानाला खर्ज कमीच ऐकू येतो. म्हणून बासचा निर्णय सकाळी, जरा मोठ्या आवाजात घ्या. फोनच्या स्पीकरवर ऐका, गाडीत ऐका.

टोन जमला की वहीत लिहून ठेवा: तारा कधी लावल्या, कोणता पिकअप, इंटरफेसचा गेन कुठे होता, आयआरच्या फाइलचं पूर्ण नाव. इंटरफेसच्या बटणाचा फोटो काढला तरी चालतो, कारण सॉफ्टवेअर बाकी सगळं लक्षात ठेवतं, ते बटण तेवढं ठेवत नाही. आणि दुसऱ्या दिवशी पुढचा ट्रॅक घ्यायला बसाल तेव्हा पहिल्या टेकच्या आधी पुन्हा ट्यून करा. रात्रीच्या दमट हवेत तारांचा सूर हललेला असू शकतो.